काही करायचं नाही

नवख्यांना मी आधी गाठ शिकवतो.
तिला ती येत होती, माझ्याहून बरी,
न बघता, दात न लावता.
"टाके घालते," म्हणाली, "इन्व्हर्नेसला, अपघात विभागात.
अठरा वर्षं झाली."
नाव शोनेड. बहिणीने वाढदिवसाला
एक दिवसाची नदी भेट दिलेली,
आणि नदीबरोबर मी,
दुखऱ्या गुडघ्यासकट.

जुलै. सदरलँडमध्ये वारा पडला
की चिलटांचा ढग उठतो
आणि माणूस स्वतःच्याच थोबाडीत मारत सुटतो.
छातीपर्यंत रबरी विजार चढवून ती पाण्यात उतरली.
आधी काठी, मग पाय, मग दुसरा.
या दगडांना शेवाळ आहे, दयामाया नाही.

डोहाचं नाव पाद्र्याची टोपी.
का, ते मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
पाणी कोऱ्या चहाचं,
दलदल गाळत गाळत आलेलं.

माशी दाखवली तिला:
काळे केस, रुपेरी तार,
आकड्याचा काटा चिमट्याने दाबलेला,
सुटायचं असेल त्याला सुटता यावं म्हणून.
"हे तो खातो?"
नाही ना. समुद्र सोडला
की सामनचा उपास सुरू, कडकडीत,
अंडी घालून होईपर्यंत.
"मग तोंड कशाला घालतो?"
चाळीस वर्षं मी हेच विचारतोय.
ज्याला विचारावं
त्याच्याच तोंडात गळ.

टाक. वाहू दे. दोन पावलं खाली.
टाक. वाहू दे.
दोरी तिच्या टोपीत अडकली, मग माझ्या कानात,
मग एका भूर्जाच्या फांदीत, जी अजून तिथेच आहे
माझी सव्वादोन पौंडांची माशी घेऊन.
"आणि ओढ लागली की?"
काही करायचं नाही.
ती हसली.
खरंच. काठी उचलायची नाही, हिसका नाही.
त्याला वळू दे. वळला
की तो आपला आपणच अडकतो.
तोवर मनात काहीतरी म्हणत राहायचं.
माझा बाप स्तोत्राची एक ओळ म्हणायचा,
मी दूधवाल्याची उधारी मोजतो.

अकराला ओढ आली.
तिने हिसका दिला.
दोरी हलकी होऊन परतली,
निरोप न मिळालेल्या पोस्टमनसारखी.
मी काही बोललो नाही.
दार ढकललं गेलं की धावायचं,
हे शिकलेत ते हात;
त्यांना एका सकाळीत मी काय शिकवणार?

जेवताना तिने अर्धं सँडविच मला दिलं.
मग दुपारभर नदी नुसती नदी होती.
चारदा मला वाटलं, पुरे म्हणावं.
पाचव्यांदा म्हणणारच होतो

तेवढ्यात तिचे खांदे थांबले.
दोरी जरा जड झाली, ओल्या कपड्यासारखी.
शोनेडचे ओठ हलत होते.
काय म्हणत होती, मी अजून विचारलेलं नाही.
एक, दोन, दूधवाला, तीन,
आणि चकतीने किंकाळी फोडली,
आणि डोहाच्या त्या टोकाला
उजेडाचा एक तुकडा उडून पडला.

वीस मिनिटं लागली. माझा गुडघा मला आठवला नाही.
सहा पौंडांची मादी, अंगावर अजून समुद्री उवा,
म्हणजे खाऱ्या पाण्यातून कालपरवाच आलेली.
वर उचलू नकोस, म्हटलं, पाण्यातच राहू दे,
तोंड प्रवाहाकडे.
शोनेडने एक हात पोटाखाली घातला,
दुसरा शेपटीशी.
बोटं मात्र आपसूक कल्ल्यामागे सरकली,
नाडी शोधत.
"किती वेळ धरायचं?"
तीच सांगेल.

तिने सांगितलं. शेपटीचा एक फटकारा,
दोघांच्या तोंडावर पाणी.
आणि शोनेडने सवयीने मनगट वळवलं
आणि मोठ्याने म्हणाली:
"सात बेचाळीस."
मग गप्प झाली.
मग विचारलं, "कुठे लिहायचं?"

झोपडीतल्या वहीत रकाने आहेत:
डोह, माशी, वजन, ठेवला की सोडला.
वेळेचा रकाना नाही.
मी कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं,
पट्टी न लावता,
आणि पेन्सिल तिच्यापुढे केली
सही करायला.