पासंग

ग्रिम्स्बीच्या गोदीत, पहाटे साडेपाचला,
मी गाडीतून उतरवते सरकारी वजनं:
वीस किलो, दहा, पाच,
आणि मखमली डबीत चिमट्यानंच उचलायची
ती ग्रॅमची पिल्लं.
बर्फाच्या पेट्यांतून हॅडक आणि कॉड बघत असतात
मासे बघतात तसे,
म्हणजे न बघता.

काटा तपासायचा. चूक असेल तर लाल चिठ्ठी,
नसेल तर शिक्का.
मापात पाप इथेही असतंच,
फक्त त्याचा इथे फॉर्म भरावा लागतो.

गेल्या गुरुवारी कॉलिन ब्लँचर्डने
दहा किलोचा कॉड टाकला ताटात
आणि विचारलं, हा चंद्रावर किती भरेल?
चाळीस वर्षं तोलतोय, म्हणाला,
एकदा गिऱ्हाईक बदलून बघू.

पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
चंद्रावर एक किलो साडेसहाशे.
मंगळावर पावणेचारच्या जरा वर.
टायटनवर, जिथे मिथेनचा पाऊस पडतो, दीड किलोही नाही.
गुरूवर पंचवीस,
तिथे उभं राहायला जमीन नाही, पण पैसे बरे होतील.
शनीवर जवळजवळ इथल्याइतकाच;
साडेसातीचं एवढं नाव
आणि काटा सरकतो जेमतेम सहा टक्के.
आणि मंगळाभोवती फिरणारा तो फोबोस, बटाट्यासारखा वेडावाकडा,
तिथे हा अख्खा कॉड अर्धा तोळा.

कॉलिनला तोळा समजावण्यात दहा मिनिटं गेली.
मासा तोवर इथेच होता,
दहा किलो, वास मारणारा.

स्प्रिंगचा काटा ज्या गावात वापरायचा
त्या गावाचा करून घ्यावा लागतो.
हे आम्हाला प्रशिक्षणात दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं.
पृथ्वीसुद्धा सगळ्यांना सारखी ओढत नाही:
ध्रुवाकडे थोडं जास्त, विषुववृत्तापाशी थोडं कमी,
उंचावर आणखी केसभर कमी.
शिकवलं होतं, आणि मी पासही झाले होते.
पण स्वतःला त्या ताटात ठेवून पाहिलं
ते त्या गुरुवारी रात्री.

पंचावन्न किलोची मी
सांगलीपेक्षा ग्रिम्स्बीत पावणेदोनशे ग्रॅम जास्त भरते.

सव्वीस वर्षं हे मी भलत्याच नावांवर मांडत आले:
ओव्हरकोट, जानेवारी, दुपारी चारचा अंधार,
ऐन वेळी तोंडात न येणारा शब्द.
त्यातलं निदान पावणेदोनशे ग्रॅम
नुसता अक्षांश निघाला.

आप्पांना फोन केला.
आप्पा हळद बाजारात तोलार होते,
एकाऐवजी ‘लाभ’ म्हणून मोजणी सुरू करणारे,
कानाच्या पाळीपर्यंत पिवळे.
सगळं ऐकून घेतलं, खोकले, मग म्हणाले,
म्हणजे पासंग आहे तर.
आणि हा फरक कुणाच्या खात्याला टाकायचा?

कुणाच्याच नाही आप्पा, तो निसर्गाचा आहे.

असं नसतं. फरक कुणीतरी खातंच.

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: तुझा स्प्रिंगचा काटा ठेव बाजूला,
दोन पारड्यांचा तराजू ने चंद्रावर.
इकडे हळद, तिकडे माप.
हलकी झाली तर दोन्ही होतील.
दांडी सरळच राहणार की.

आठवी नापास माणूस.
मला इथवर यायला तीन परीक्षा लागल्या.

आज शेवटचा काटा तपासत होते
तर एक सीगल येऊन बसला ताटावर.
नऊशे साठ ग्रॅम, ग्रिम्स्बीचे.
कॉलिनने टोपी उगारली आणि तशीच धरून ठेवली.
उडताना त्यानं ताट खाली दाबलं,
आकडा दीड किलोच्या पुढे गेला क्षणभर,
उडायच्या आधी एवढा जड झाला तो,
आणि मग काहीच नाही.

मी शून्य लिहिलं.
शिक्का मारला.