पायरी

मेडिना नदीच्या तोंडाशी आमची शेड.
माझ्या बापानं, ओबेड अ‍ॅट्रिलनं, तिथे चाळीस वर्षं
पाण्याला धरून राहतील अशा होड्या बांधल्या.
तळावरून हात फिरवायचा डोळे मिटून,
तळव्याला काही लागलं
तर पुन्हा रंधा.

सोळा सालच्या मार्चात आरमाराचे दोघे आले.
नळीतून आराखडा काढला, चार कोपऱ्यांवर
आमचीच हत्यारं ठेवली.
होडीला पंख होते.
बाप बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
'हिला शीड कुठाय?'
कुणी हसलं नाही.

अ‍ॅशच्या फासळ्या, महोगनीच्या पातळ फळ्या
तांब्याच्या तारेनं शिवलेल्या.
पंखांचं कापड आम्हा बायकांकडे:
इंचाला आठ टाके, आणि वर तो लेप
ज्याच्या वासानं एडिथ जोलिफ
दुपारून दोनदा बाहेर जाऊन ओकायची
आणि परत येऊन सुई ओवायची.

नाकाशी एक गोल भोक ठेवायचं होतं.
'कशाला?'
'मशीनगन.'
त्यानं त्याचीही कड घासून गुळगुळीत केली.
कुणाचा तरी हात लागणार.

पहिल्या दिवशी ती उठलीच नाही.
दोन्ही इंजिनं बोंबलत होती,
फवाऱ्यानं पंख्याची लाकडी धार फुटली,
आणि ही आपली धावतेय, धावतेय,
थेट कॅलशॉटपर्यंत पांढरी रेघ ओढत,
लठ्ठ हंसिणीसारखी.
दुसऱ्या दिवशीही तेच. रात्रभर लाकूड पाणी प्यालं,
सकाळी काट्यावर साठ पौंड जास्त.
बॉम्बच्या जागी ठेवलेल्या वाळूच्या गोण्या उतरवल्या.
तरी नाही.

लेफ्टनंट ट्रेहर्न ओल्या बुटांनी शेडमध्ये आला.
'मिस्टर अ‍ॅट्रिल, तुमचा तळ फार चांगला झालाय.
पाणी त्याला सोडत नाही.'
मग वाकून, पोटाच्या जरा मागे,
खडूनं आडवी रेघ मारली.
इथे तोडा. चार इंचांची पायरी.
हवा शिरेल, पकड सुटेल.

बापानं आजवर तळात
एकही खोट राहू दिली नव्हती.
करवत त्यानं दुसऱ्या कुणाला दिली नाही.

गुरुवारी, ओहोटी लागताना,
फळ्यांखालची ती खडखड अचानक थांबली
आणि तिच्यात नि तिच्या सावलीत
फट दिसली,
माझ्या एका टाक्याएवढी,
मग दाराएवढी.
धक्क्यावर टोप्या उडाल्या. एडिथ रडत होती की हसत होती.
पाण्यानं तिला सोडलं.
बापानं मग तिच्यावर पाणी सोडलं,
कोटावरचा भुसा झटकला,
आणि चहा मागितला.

आरमारानं तिला नाव दिलं नाही, आकडा दिला.
शरदात ती उत्तर समुद्रावर गेली.
पुढचं विचारायचं नसतं.

अशाच आणखी तेवीस मागवल्या आहेत.
बाप अजून डोळे मिटूनच हात फिरवतो.
पायरीशी आला की थांबतो जरा,
बोटांनी कड चाचपतो.
रंधा मागत नाही.