काना-मात्रा फुकट

एका अक्षराला पंधरा रुपये, एका रात्रीचे.
काना, मात्रा, वेलांटी, उकार फुकट.
अनुस्वार माझ्याकडनं.

मी शालन सुतार. उद्यमनगरात, लेथच्या दुकानामागं
बारा बाय दहाची पत्र्याची खोली.
प्लायवूडची अक्षरं कापतो, ऑइलपेंट मारतो,
मागं टोकदार सळई ठोकतो.
आमच्याकडं बायका पण 'कापतो, मारतो'च म्हणतात.
पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर गोंधळतंय.
गोंधळू दे.

रात्री दीडला येतो.
स्कूटीवर पुढं 'वा', मागं 'ढ',
पायाशी पोत्यात 'दिवस'.
तुमच्या दारात रोवतो आणि जातो.
सकाळी दुधासाठी कडी काढली की
तुमचं नाव उभं असतंय, कमरेएवढं,
तोंड घराकडं. चौकाकडं नाही.

चौकातल्या फ्लेक्सवर चाळीस तोंडं असतात,
मधी गॉगल लावलेला वाढदिवसवाला,
आणि खाली शुभेच्छुक, शुभेच्छुक, शुभेच्छुक.
माझ्याकडं शुभेच्छुकाला जागा नाही.
कुणी लावलं, ते तुमचं तुम्ही ओळखायचं.

अंगण पाहिजेच असं काही नाही.
शिवाजी पेठेत गटारीच्या कडंला रोवलंय,
कुंडीत रोवलंय, बांधकामाच्या वाळूत रोवलंय.
कसबा बावड्यात गोठ्यापुढं लावलं,
'चंद्रे, पहिल्या वेताचं अभिनंदन'.
म्हशीनं चाटून 'अभि' फिका केला.
रंगाचे पैसे घेतले नाहीत,
खरवस घेतला.

अप्पा पेंटर होते, दुकानांच्या पाट्यांचे.
फ्लेक्स आला त्या वर्षी
ब्रश रॉकेलात बुडवून ठेवले
ते परत काढलेच नाहीत.
'श'ची गाठ मी अजून त्यांच्याच वळणाची कापतो.
'श' सहा आहेत. शुभेच्छांचा धंदा, लागतातच.
'ळ' चार.
'झ' मात्र एकच. कोण मागतंय 'झ'?

गेल्या मार्गशीर्षात उत्तरेश्वर पेठेतनं
हिंदुराव खराडे आले. टोपी हातात.
दर विचारला नाही.
धाकट्या भावाच्या दारात लावायचं म्हणाले,
घर शेजारीच आहे, भिंतीला भिंत.
अकरा वर्षं बोलणं नाही, एका नळावरनं.
नळाला पण आता पाणी येत नाही.

खिशातनं चिठ्ठी काढली:
'आनंदा चुकलं माझं'
आठ अक्षरं, एकशेवीस रुपये.
स्वल्पविराम मी घातला.
तो दरपत्रकात नाही.

दीडला रोवलं. कुत्रं भुंकलं नाही,
उठून वास घेतला आणि दोन्ही दारांच्या मधी
परत जाऊन झोपलं.

सकाळी आठला अक्षरं न्यायला गेलो
तर आनंदाच्या दारात मातीत आठ भोकं.
अक्षर एक नाही.
मला वाटलं, फेकली. प्लायवूड काय भावानं मिळतंय हल्ली,
तोंडात शिवी आली होती, खरं सांगतो.

मग पलीकडं बघितलं.
हिंदुरावांच्या पायरीसमोर, जरा वाकडं, घाईत ठोकलेलं,
'दा, चुकलं माझं'.

'आ' आणि 'नं' भिंतीला टेकवून ठेवलेले.
'दादा'ला दोन 'दा' लागतात,
त्याच्याजवळ एकच.
दुसरा विटेच्या तुकड्यानं
फरशीवर काढला होता,
शाळेत काढतात तसा, मोठा.

दार उघडं होतं. आत स्टोव्हचा आवाज,
आणि दोघं काहीतरी नळाबद्दलच बोलत होते,
पण हळू.
मी सहा अक्षरं तिथंच सोडली.
'आ' आणि 'नं' घेऊन आलो.

सहा रात्रींचं भाडं व्हतंय आता. मागितलं नाही.

म्हणून सूचना:
'माझं', 'तुझं', 'समजूत' असला काही मजकूर असेल
तर दोन दिवस आधी सांगा.
'ज' आहे, 'झ' नवा कापावा लागतोय.
दोनच कापून ठेवतो.