भिंतीवरची ओळ

रोकिश्किसच्या जुन्या हॉलमध्ये
दर सप्टेंबरला मी ती ओळ नव्याने रंगवायचो,
शिडीवर चढून, लाल रंगात:
काळीज असेल तर उंची लागत नाही.
एकवीस वर्षं. एकवीस डबे रंग.
माझी स्वतःची उंची साडेसहा फूट,
ते सोडून द्या.

विल्युस ठेंगणा, खांदे लाकूडतोड्याचे.
सुटा चेंडू दिसला की हा जमिनीवर.
गुडघ्यांवरची एक खपली वाळायच्या आत दुसरी.
डेअरीतली पहाटपाळी करून यायचा
आणि जाताना दिवे मालवायचा.
मी बाकीच्या पोरांना म्हणायचो,
बघा, याला म्हणतात जिगर.

दौमांतास उशिरा यायचा.
बुटांच्या नाड्या सावकाश बांधायचा,
जणू घाई ही इतरांनी करायची गोष्ट.
पण चेंडू त्याच्या बोटांवरून सुटला की
हॉलमधली खोकणारी म्हातारी माणसंसुद्धा
खोकला धरून ठेवायची.
त्याला मी काय शिकवणार?
शिकवलं नाहीच. टोमणे मारले.
देवाने दिलंय ना, म्हणायचो, मग थोडा घाम तू घाल.

फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस.
समोर पानेवेझिसची पोरं,
आम्ही एका गुणाने मागे, नऊ सेकंद बाकी.
सगळे माझ्याभोवती वाकले.
विल्युसची भुवई फुटलेली, पट्टी नको म्हणाला.
दौमांतासचा चेहरा चुन्यासारखा.
मी पाटीवर खडूने गोल काढला.
गोलात लिहिलं: दौ.
विल्युसला म्हणालो, तू फक्त आडवा उभा राहा.

त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं,
भिंतीकडे.
मग माझ्याकडे. मान हलवली.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

चेंडू कड्यावर दोनदा नाचला
आणि बाहेर पडला.
गावात अजून बोलतात त्याबद्दल,
बहुतेक चुकीचं.

रात्री हॉलमध्ये मी, शिडी
आणि पांढऱ्या रंगाचा डबा.
गेनोवाइते फरशी पुसत होती.
सामन्याचं घड्याळ चालवणारी तीच, झाडणारीही तीच.
हे काय चाललंय? म्हणाली.
म्हटलं, खोटं पुसतोय.
वेळ आली तेव्हा मी चेंडू काळजाला नाही दिला,
हाताला दिला.

तिने बादलीवर फडकं पिळलं.
कुणाच्या काळजाला? म्हणाली.
तुझा विल्युस सामन्याच्या आदल्या रात्री
तान्ह्या बाळासारखा झोपतो, त्याच्या आईला विचार.
काहींना आळणी कळत नाही ना,
तशी त्याला भीती कळत नाही.
तो दुसरा
दर सामन्याआधी मागच्या संडासात ओकतो.
चार वर्षं. मी दाराबाहेर पाण्याचा पेला ठेवते.
तोंड धुतो, मग नाड्या बांधत बसतो,
बोटं थरथरत असतात, गाठ बसत नाही लवकर.
आज दोनदा ओकला.
आणि गेला मैदानात.

मी चौथ्या पायरीवर बसून राहिलो.
म्हणजे न घाबरणं हीच देणगी, लांब बोटांसारखी?
आणि जिगर ती, जी मी आळस म्हणून हिणवली?
असं उलटं लावून पाहिलं. तेही नीट बसेना.
विल्युसचं रक्त खरं होतं.
फरशीवरचा त्याचा डाग
गेनोवाइते अजून घासत होती.

रंग अर्ध्यातच संपला.
भिंतीवर आता एवढंच उरलंय:
काळीज असेल तर

नवी पोरं विचारतात, सर, तर काय?
मी म्हणतो, आधी नाड्या बांधा.
कुणी सावकाश बांधत असेल
तर शिट्टी खिशातच ठेवतो
आणि खिडकीबाहेरचा बर्फ बघतो जरा वेळ.