ओट्याखाली

डुलुथ. जानेवारी. सरोवर काठाशी गोठलेलं,
आणि लेम्पी कोस्केलाच्या सिंकखाली
कागदी पिशवीतले बटाटे ओले.

वरून सगळं ठीक. नळ कोरडा.
तोटी ओढून भांडं विसळलं
तरच, जरा वेळानं, आत कुठेतरी
टप्.

बहात्तराव्या वर्षी ती आडवी झाली,
पाठीखाली जुना टॉवेल,
दातांत टॉर्च (दात अजून स्वतःचे).
नळीच्या जाळीवरून बोट नेलं सावकाश;
ते शिशाचं वजन जिथे वर-खाली घासतं
तिथेच एक तार उसवलेली.
टोचली.
सापडलीस, भवाने.

पाणी बंद करायचं, तर कॉक हलेना.
आर्व्होनं रंगवून टाकलेला.
दिसेल ते रंगवायचा तो,
एकदा टपालपेटीतल्या पत्रासकट टपालपेटी.
फिनिशमधली एक शिवी, मग पान्हा.
कॉक फिरला; कशानं, ते विचारू नये.

जुनी नळी ढेकर देत बादलीत आली.
नवी वरून खाली गेली, क्लिप बसली.
वजन तिनं चार बोटं खाली अडकवलं.

तेव्हा दिसलं: ओट्याच्या पोटाला
पेन्सिलीनं, त्याच्या तिरक्या अक्षरात,
‘किंचित गळतंय. पुढच्या आठवड्यात बघतो.’
खाली तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.
तो जाऊनच नऊ झाली.

तशीच पडून राहिली थोडी.
टप् नाही.
खाली ‘बघितलं’ एवढंच लिहायचं होतं,
पण पेन्सिल वर, खिडकीत,
आणि गुडघे
म्हणाले, जरा थांब.