कुसू

आदल्या दिवशी डॉक्टर कुलासोंनी
माझ्या खुब्याचं हाड पडद्यावर फिरवून दाखवलं,
म्हापशाच्या शुक्रवारात कलिंगड फिरवून दाखवतात तसं.
पांढरा गोळा, पण गोल नव्हे :
माथ्यावर चपटा, कडेला वाळवीनं खाल्ल्यासारखा.
“मेस्ता, डावा पाय अकरा मिलिमीटर आखूड.”
ते मला ठाऊक होतं.
डाव्या चपलेखाली फणसाची पट्टी मीच ठोकली होती,
अर्धं बोट जाड, नजरेनं मापून.
यंत्राच्या आकड्यात आणि माझ्या पट्टीत
फरक असेलच तर रंध्याच्या एका छिलक्याचा.

मग म्हणाले, बसून दाखवा, फोटो काढायचा आहे.
माणूस बसला की कमरेची वाटी किती कलते
हे संगणकाला आधी सांगावं लागतं.
मी भिंतीला हात लावून जमिनीवर टेकायला निघालो.
“खाली नको! खुर्चीवर. आता कायम खुर्चीवर.”
चाळीस वर्षं मी पाट केले.
फोंड्यापासून सावर्ड्यापर्यंत
किती जोडपी माझ्या पाटांवर बसून उठली.

कमरेत सुई गेली. खालचं अंग कुणा दुसऱ्याचं झालं.
उजव्या कुशीवर, हिरव्या कापडाच्या अलीकडे मी,
पलीकडे माझा खुबा, पाच-सहा माणसं,
आणि तो हात.
आत नेताना पाहिला होता :
प्लास्टिकात गुंडाळलेला,
चवथीआधी ओल्या फडक्यात झाकलेल्या मातीसारखा.

मी विचारत राहिलो म्हणून सिस्टर ज्योकीना
कानाशी सांगत राहिली :
“डॉक्टर हाडाला टोक लावतायत. एकेक ठिपका.
नीट लागला की हिरवा होतो. बत्तीस झाले.”
मी म्हटलं, आम्हीही असंच करतो.
लालखीची वेलबुट्टी लाकडावर उतरवायची तर
कागदाला टाचणीनं भोकं, वरून कोळशाची पूड.
ती म्हणाली, “बोलू नका, मेस्ता, कूस हलते.”

“आता हात हाड घासतोय.”
“एकटाच?”
“धरलाय डॉक्टरांनी. पण आखलेल्या रेषेपलीकडे
तो जाऊच देत नाही. अडतो.”

माझ्या मुठीत पटाशी, मुठीवर बापाची मूठ.
रेषेपाशी ती दगड व्हायची.
मी बारा वर्षांचा, रागानं रेटायचो.
ती मूठ नेमकी कधी उचलली गेली
ते मला आजवर आठवलेलं नाही.

मग हातोडा.
इथून पुढे कुणी काही सांगायची गरज नव्हती.
ठक, ठक. पोकळ. वाटी अजून कडांवर.
ठक. जरा दाटलं.
सिस्टर पडद्यावरचे आकडे पुटपुटत होती,
चाळीस, एकवीस, चाळीस, वीस,
टण्.
लाकडात कुसू तळाला टेकला की
आवाज असाच आखडतो.
“बसलें,” मी म्हटलं,
आणि कापडापलीकडून त्याच दमात डॉक्टर,
“बसलें.”
कुणीतरी हसलं.
“इथंही हिरवं,” सिस्टर म्हणाली, जरा उशिरानं.

आठव्या दिवशी घरी जुन्या चपला घातल्या
आणि उंबऱ्यातच अडखळलो.
डावा पाय आता अर्धं बोट उंच.
सुकांती म्हणाली, “ती पट्टी काढा आधी.
नाहीतर मडगावला परत जावं लागेल.”

खुर्चीवर बसून पटाशी मागितली.
पट्टी सहज सुटेना, खिळे माझेच होते.
निघाली तेव्हा बाहेरच्या कडेला उतरलेली,
माझं लंगडणं तिच्यात मुरलेलं.
टाकून द्यायला उचलली,
तेवढ्यात माझ्याखालची खुर्ची डुलली.
मागचा एक पाय आखूड.
सुकांतीला पट्टी तिथे सरकवायला सांगितली.
जरा जाड होते.
उद्या एक छिलका काढीन.