अळणी

आठ दिवस मीठ नाही.
मिरची नाही, डुकराचं मांस नाही, कुणाच्या अंगाला अंग नाही.
उकडलेली हिरवी केळी, आणि नदीतला एखादा काटेरी मासा
नुसत्या पाण्यात शिजवलेला.
रांधायचं माझ्याकडे.
रेशिन आत्या म्हणाली, जो खाईल त्याचं अळणी,
जी रांधेल तिचंही.

एलिआसार आला तेव्हा उकायालीचं पाणी उतरत होतं.
त्याने पेके-पेकेचं इंजिन लांबच बंद केलं
आणि शेवटचं वळण वल्ह्याने घेतलं,
घरात कुणी निजलं असावं तसं.
सदऱ्याच्या शिवणीत पांढरं साचलेलं.
वरच्या गावांना मासे खारवायला मीठ पोचवायचा त्यांचा धंदा,
तो आणि धाकटा रोल्दान.
फेब्रुवारीत भोवऱ्यात होडी उलटली.
पोती सापडली तीन दिवसांनी, मुळ्यांत अडकलेली,
अकराच्या अकरा, धुतलेली, रिकामी.
रोल्दान नाही सापडला.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही, म्हणाला.
आत्याने त्याची टाळू हुंगली, जीभ बाहेर काढायला लावली.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
हा खाल्ल्या मिठाला जागतोय.
मला वाटलं, कौतुक करतेय.

तिसऱ्या दिवशी त्याने ताटली सरकवली.
याला चव नाही.
नाही, मी म्हणाले.
मग काय आहे यात?
सांगता येईना. केळं होतं. वाफ होती.
त्याने पुन्हा ओढून घेतली आणि सगळं संपवलं,
रागाने, काट्यांसकट.

वेल तोडायला आत्या स्वतः गेली, उजाडायच्या आत, उपाशी.
आधी बुंध्यावर मापाचोचा धूर सोडला,
मग काहीतरी पुटपुटली,
म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठवावं तशी.
हातभर लांब तुकडे केले, आणि लाकडी मोगरी दिली त्याच्या हातात.
ठेच. फोडू नकोस. धागा धागा मोकळा होऊ दे.
तो दुपारपर्यंत ठेचत राहिला.
कपाळावरचा थेंब वेलीवर पडणार
तेवढ्यात आत्याने खाली तळहात धरला,
जिभेला लावला.
अजून खारट, म्हणाली, आणि उठून गेली.

पाणी ओढ्याचं आण, नदीचं नको.
का, ते कुणी विचारलं नाही.

भांड्यात एक थर वेलीचा, एक चाक्रूनाच्या पानांचा, पुन्हा वेल.
जाळ मोठा नको, लहान नको.
कुत्री लांब. पाळीच्या बाया लांब.
माझी मावसबहीण हसत होती, तीही लांब.
दोन दिवस मी फुंकणीपाशी,
केसांना धुराचा वास, तोंडात काहीच नाही,
आपली थुंकीसुद्धा परक्या गावची वाटावी इतकं काहीच नाही.

आणि मग त्याने सदरा धुवायला दिला.

ओढ्याशी एकटीच होते.
शिवण तोंडाजवळ नेली. एवढीशी,
नखाएवढी पांढरी रेघ.
डोळे आपोआप मिटले.
सगळी जीभ धावत आली तिथं.

आठव्या दिवशी सांजेला आत्याने चटया अंथरल्या,
कडेला बादल्या ठेवल्या, नक्षीचं कापड झटकलं.
एलिआसारने अंघोळीत कडू पानं अंगाला चोळली होती,
तो हिरवट आणि फार लहान दिसत होता.
तिने पुन्हा त्याच्या कपाळावर बोट फिरवून चाखलं.
आहे अजून, म्हणाली. असू दे. एवढं माणसाला लागतं.

मग माझ्यापुढे आली. बोट वर केलंच नाही.
मीच सांगितलं.
ती रागावली असती तर बरं झालं असतं.
तिने नुसता कंदील माझ्या हातात दिला:
तू बाहेर बस. कुत्री आवर.

आत दिवा विझवल्याचं कळलं.
कुणीतरी खोकलं. पेल्याचा आवाज, मग काही नाही.
धक्क्याला बांधलेली त्याची होडी
दोराला ओढते आणि सैल सोडते.
रोल्दानला मी कधी पाहिलं नाही.
उंच होता का, गायचा का, मला माहीत नाही.
पण आज रात्री आत एक माणूस झोपणार असेल
तर बाहेर जागायला
कुणीतरी त्याचं मीठ खाल्लेलं हवं.